भोंग्यामागचा माणूस



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा समितीचा फोन आला तेव्हा पहिला विचार आला की शाळेच्या आठवणी तर सगळेच लिहिणार. सहलीत चुकलेली एसटी, गॅदरिंगमध्ये पडलेली दाढी, गणिताच्या तासाची पोटदुखी, हे सगळे माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्या १९७६ च्या बॅचमध्ये भरपूर आहेत. मी ठरवले की आपल्या सगळ्यांच्या लहानपणी जो रोज कानावर पडायचा त्या भोंग्याबद्दल लिहावे. आपल्या घरात घड्याळ नव्हते, कारखान्याचा भोंगा होता. सकाळच्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्या भोंग्याला वडिलांची सायकल दारातून बाहेर पडायची, आणि संध्याकाळच्या भोंग्याला आपण विटी-दांडू टाकून घरी पळायचो. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील, काका नाहीतर मामा किर्लोस्करवाडीला कामाला. माझे वडील फाउंड्रीत मोल्डर होते. हा भोंगा ज्यांनी त्या माळावर आणला, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांची गोष्ट आपल्याला शाळेत धड्यासारखी सांगितली गेली आणि धड्यासारखीच आपण ती विसरलो. आता सत्तरीच्या आसपास येताना ती पुन्हा वाचली आणि वाटले की आपल्या घराण्यांचीच ही गोष्ट आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. एकाच छोट्या गावाने महाराष्ट्राला नाटकही दिले आणि नांगरही! लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र पुस्तकात रमेना. चित्रे काढावीत, आणि यंत्र दिसले की ते उघडून बघावे, हे दोनच छंद. आपल्या वर्गातही असे दोघे-तिघे होते. प्रगतिपुस्तकावर लाल रेघा, पण शाळेचा बिघडलेला रेडिओ दुरुस्त करायला सर त्यांनाच बोलवायचे. लक्ष्मणरावांच्या बाबतीत थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथे दोन वर्षांत कळले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला रंगच दगा देतात, यापेक्षा मोठी थट्टा कोणती? त्यांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली आणि तिच्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक झाले. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष यंत्रांवर हात बसला. त्यांचे खरे शिक्षण तेच. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. आपल्या आजूबाजूला बढती हुकलेली माणसे आपण खूप पाहिली. बहुतेक जण उरलेली वर्षे कुरकुरत काढतात. नोकरी सोडताना लक्ष्मणरावांच्या हाती निदान एक धंदा तरी होता, हे इथे सांगायला हवे.

तो धंदा सायकलींचा. १८८८ पासून दोघा भावांनी बेळगावात सायकलीचे दुकान चालवले होते. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. सायकल तेव्हा श्रीमंतांची मिरवायची वस्तू, किंमत कित्येक शे रुपयांत. दुकानाच्या पाटीवर दोन भावांच्या नात्याने नाव होते किर्लोस्कर ब्रदर्स, आणि तेच पुढे कंपनीचे नाव झाले. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. पगारपत्रकावर वर्षानुवर्षे ते इंग्रजी नाव वाचणाऱ्या माझ्या वडिलांना त्यातले ब्रदर्स म्हणजे कोण, हे बहुधा निवृत्त होईपर्यंत ठाऊक नसावे.

सायकल विकणे वेगळे आणि यंत्र बनवणे वेगळे. बेळगावात स्थायिक झाल्यावर लक्ष्मणरावांनी छोटासा कारखाना काढला आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवायला घेतली. मग आला लोखंडी नांगर. इथे जरा थांबतो, कारण आपल्यापैकी जे शेतीत राहिले त्यांना यातले मर्म जास्त कळेल. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, उलटत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हराळी आणि कुंदा एकदा माजला की लाकडी नांगर त्याच्या मुळांपर्यंत पोचतच नाही. माणसे कुदळीने खणून थकायची आणि पुढच्या पावसाला हराळी पुन्हा हिरवीगार. लोखंडी नांगर खोल जातो, ढेकूळ पालथे घालतो आणि मुळे उन्हात आणून टाकतो. तो ओढायला मात्र तीन-चार बैलजोड्या लागत. एका शेतकऱ्याकडे एवढी जनावरे कुठली? म्हणून शेजारपाजारच्यांनी बैल एकत्र करून पाळीपाळीने रान नांगरायचे. आमच्या आजोबांच्या तोंडी इर्जिक हा शब्द कायम असायचा, तो हाच.

पण हे सगळे पुढचे. सुरुवातीला शेतकऱ्यांनी त्या नांगराकडे पाठ फिरवली. लोखंडाने जमिनीला विष होते, ती नापीक होते, असा समज खोलवर बसलेला होता. नांगर तयार होता, पण गिऱ्हाईक नव्हते, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. ही दोन वर्षे आपण एका ओळीत वाचून पुढे जातो. मी पुढे पंचवीस वर्षे छोटे वर्कशॉप चालवले. तयार माल पडून असताना शनिवारी मजुरी वाटायची वेळ आली की पोटात कसा खड्डा पडतो ते मला माहीत आहे. म्हणून त्या दोन वर्षांचे मला नांगरापेक्षा जास्त कौतुक वाटते. शिवाय नांगराचा फाळ ओतणे हे काम दिसते तितके सोपे नाही. बिडाचा फाळ मऊ राहिला तर झिजतो, फार कडक झाला तर दगडावर आपटून तुटतो. मधला बिंदू पुस्तकात नसतो, तो भट्टीपाशी उभे राहून चुकत चुकत सापडतो.

धंद्याला जरा कुठे बरे दिवस येऊ लागले आणि बेळगावच्या नगरपालिकेने ती जागा नव्या वसाहतीसाठी घेतली. कारखाना हलवायचा, पण कुठे? या अडचणीत मदतीला आले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, त्यामुळे दोघांचे सूर जुळणे स्वाभाविक होते. औंधला एका मंडपाच्या बांधकामाचे काम लक्ष्मणरावांकडे होते, तेही त्यांच्यामुळेच. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले. संस्थान छोटे, विखुरलेले, उत्पन्न बेताचे. अशा संस्थानिकाने एका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या कारखानदारावर एवढा विश्वास टाकावा हे नवलच. थोड्याच वर्षांनी ओगले बंधूंचा काचकारखानाही याच संस्थानाच्या आश्रयाने उभा राहिला, तेव्हा बाळासाहेबांची पारख एकदाच लागलेली चिठ्ठी नव्हती.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. त्या जागेवर तेव्हा काय होते? निवडुंग, दगडधोंडे, साप आणि पाण्याची बोंब. रेल्वेचा रूळ शेजारून जात होता हीच काय ती जमेची बाजू. लक्ष्मणरावांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या गावांबद्दल वाचले होते. तसे गाव आपल्याकडे व्हावे ही त्यांची जुनी हौस. पैसा हातात नसताना ही हौस पुरी करायची म्हणजे आधी निवडुंग तोडायचा, विहीर बघायची, पाले ठोकून राहायचे, आणि त्याच वेळी नांगरांच्या मागण्याही पुऱ्या करायच्या. जमशेदपूर सोडले तर देशात एवढी जुनी औद्योगिक वसाहत दुसरी नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. जमशेदपूरच्या मागे टाटांचे भांडवल होते. इथे होते उसने दहा हजार.

आणि माणसे होती. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त मोह पडतो तो या माणसांचा. थोरले रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था बघायचे. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. अनंतराव फळणीकर शाळेत फारसे टिकले नव्हते, पण यंत्राच्या बाबतीत डोके अफाट. शंभूराव जांभेकर होते, पडेल ते काम करणारे के. के. कुलकर्णी होते, पुतणे शंकरराव होते. पदवी बघून यांतले किती जण निवडले गेले असते? लक्ष्मणरावांना स्वतःला परीक्षेने कधी मोठे म्हटले नव्हते, म्हणून असेल, पण माणसाच्या कागदाकडे बघण्याआधी ते त्याच्या हाताकडे बघत.

याचे टोक म्हणजे वाडीचे राखणदार. एकट्या माळावर चोरांची भीती, तेव्हा रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी तुरुंग बघून आलेली माणसेच नेमली. तुकाराम रामोशी हे त्यांतले एक नाव. ज्यांच्या भीतीने गाव दाराला कडी घालायचे, त्यांच्याच हाती वाडीच्या किल्ल्या. पुढे १९३९ मध्ये याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत सुरू झाली, जिच्यावरून व्ही. शांतारामांचा दो आँखें बारह हाथ निघाला. तो सिनेमा आपण शाळेच्या पटांगणात पडद्यावर पाहिला होता, आठवते? त्याच्या किती तरी वर्षे आधी आपल्या शेजारी हा प्रयोग गाजावाजा न करता चालू होता, हे मात्र तेव्हा आपल्याला कुणी सांगितले नाही.

वाडीत शिवाशिव पाळायची नाही हाही लक्ष्मणरावांचाच दंडक. आज हे वाक्य सोपे वाटते. १९१० नंतरच्या काळात, जेव्हा आजूबाजूच्या प्रत्येक गावात पाणवठे वेगळे होते, तेव्हा ते किती जणांना झोंबले असेल याचा विचार करा. त्यामुळे जात संपली असे मी म्हणणार नाही. वडिलांच्या खात्यातली माणसे शेजारी उभी राहून साचे भरायची, एकाच बाकावर डबा उघडायची, आणि संध्याकाळी आपापल्या गावच्या आपापल्या आळीत परतायची. पण दिवसाचे ते आठ-दहा तास वेगळे होते आणि त्या तासांनी पुष्कळांच्या पुढच्या पिढ्या बदलल्या.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे बंद झाले. त्याने लोखंड आणि कोळसा महागला, पण परदेशी नांगरही बाजारातून गेला आणि किर्लोस्कर नांगराला मोकळे रान मिळाले. १९२० मध्ये लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकररावांनी मालाच्या प्रचारासाठी ‘किर्लोस्कर खबर’ काढले, तेच पुढचे ‘किर्लोस्कर’ मासिक. पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्याच्या आवारातून निघालेली ही तीन मासिके मराठी घरांच्या माजघरापर्यंत पोचली आणि बायकांच्या शिक्षणापासून अंधश्रद्धेपर्यंत सगळ्यांवर वाद घालू लागली. आपल्या शाळेच्या वाचनालयात त्यांचे बांधीव अंक होते. मराठीच्या बाई ते हात धुऊन घ्यायला लावायच्या.

१९२६ मध्ये वाडीत डिझेल इंजिन आणि सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. त्याच सुमारास थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून परतले. नांगराने रान मोकळे केले होते, पंपाने त्या रानात पाणी आणले. कृष्णा इतक्या जवळून वाहत असूनही तिचे पाणी उंचावरच्या शेताला कधी मिळत नव्हते. मोट ओढून किती ओढणार? आज पलूस-कुंडलचा द्राक्षबागांचा आणि उसाचा हिरवा पट्टा दिसतो, त्याला कारणे अनेक आहेत, सहकारी पाणीयोजना आहेत, साखर कारखाने आहेत, शेतकऱ्यांचे कष्ट आहेत. पण नदीवरून वर चढणाऱ्या पाण्यामागे कुठेतरी वाडीत ओतलेले एक बिडाचे कवच फिरत असते.

आता एक भाग असा आहे, जो लिहू नकोस असे आपल्यातल्याच एका मित्राने मला सुचवले. मेळाव्याच्या अंकात कशाला जुन्या जखमा, असे त्याचे म्हणणे. त्याचा मान ठेवून थोडक्यात लिहितो, पण लिहितो. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी मराठी ब्राह्मण होता, म्हणून दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या लाटेत किर्लोस्करवाडीलाही आग लावली गेली आणि कारखान्याचे मोठे नुकसान झाले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. निवडुंग तोडून जे उभे केले ते डोळ्यांदेखत काळे पडले. ज्यांनी वाडी जाळली ते सगळे बाहेरून आले होते, असे सांगणारे मला भेटले, आणि तसे नव्हते असे सांगणारेही भेटले. माझे वडील तेव्हा नुकतेच कामाला लागले होते. त्या दिवसांबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. एकदा मी फार खोदून विचारले तेव्हा उठून बाहेर गेले.

या आगीला विसरून वाडीच्या उपकारांच्या गोष्टी सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. अडतीस वर्षे त्या कारखान्याने आजूबाजूच्या गावांना भाकरी दिली होती. तरीही गाव आणि वाडी यांच्यामध्ये एक कुंपण होते. वाडीत सरळ रस्ते, झाडे, वीज, मासिके, आणि वाडीच्या बाहेर आपली धुळीची वाट. कामाला जाणारा माणूस रोज ते कुंपण ओलांडायचा, पण त्याचे घर कुंपणाबाहेरच असायचे. याला दोष कुणाचा हे मला ठरवता येत नाही. लक्ष्मणरावांनी माणसे जात बघून घेतली नाहीत, आणि तरी त्यांचा कारखाना जातीवरून जळला. मला यातला अन्याय सलतो, आणि ते कुंपणही दिसते.

कारखाना पुन्हा उभा राहिला. तो उभा करायला कोण होते? कामगारच. जळक्या शेडमधून यंत्रे बाहेर काढून पुसणारी, पुन्हा भट्टी पेटवणारी माणसे याच गावांतली. वडिलांनी त्या आगीबद्दल काही सांगितले नाही, पण त्यानंतरची पहिली भट्टी पेटली त्या दिवसाबद्दल मात्र ते पुष्कळदा सांगायचे. बिडाचा रस किती तापला होता, साच्यात कसा उतरला, पहिला जॉब फोडून बाहेर काढला तेव्हा त्यावर एकही पोकळी कशी नव्हती. हे सांगताना त्यांचे हात साचा भरल्यासारखे हलायचे.

तोपर्यंत वाडीची पिल्ले लांब लांब उडाली होती. १९४१ मध्ये हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बेंगळुरूला विजेच्या मोटारींचा. आपल्या भागातले फिटर, टर्नर, मोल्डर त्यांच्या मागोमाग गेले. आपल्या वर्गातल्या तिघांचे तरी वडील हरिहरला बदलून गेले आणि आपल्या कबड्डीच्या संघाचे वाटोळे झाले! बाकीच्या किती जणांनी वाडीत हात बसवून घेऊन सांगली-मिरजेला, कोल्हापूरला स्वतःची लेथ टाकली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मी त्यांतलाच दुसऱ्या पिढीतला. मायक्रोमीटर धरायला मला वडिलांनी शिकवले, त्यांना त्यांच्या मिस्त्रींनी, आणि त्या मिस्त्रींनी लक्ष्मणरावांना खात्यातून फिरताना पाहिलेले होते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. आपल्यातल्या कुणाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता, म्हणून त्यांना पाहिल्याचा दावा या लेखात मला करता येत नाही. मी पाहिले ते त्यांचे तिकीट. २० जून १९६९ ला त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. वडिलांनी दोन तिकिटे घेतली. एक लावून त्यांनी हरिहरच्या मित्राला पत्र पाठवले. दुसरे माझ्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवले, ते दहावीच्या परीक्षेपर्यंत तिथेच होते.